दाजींना शंका आली होती

बसा जरा. घाई असली तरी बसा, ही गोष्ट उभ्या उभ्या ऐकायची नाही. लिफ्टच्या कामातल्या दोन माणसांची आहे, एक दाजी आणि एक त्यांचा मेहुणा. आणि आधीच सांगून ठेवतो, शेवट गोड नाही. गोड हवं असेल तर चहात साखर जास्त घ्या. गोष्टीत मी घालणार नाही.

दाजी म्हणजे मेहुण्याच्या बहिणीचा नवरा. पण मेहुणा दाजी म्हणतो म्हणून कामावर सगळेच दाजी म्हणायला लागले, साहेबसुद्धा. बावीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत काढलेला माणूस. कान असा तयार की चौथ्या मजल्यावर उभं राहून सांगायचे, वर मशीनला ग्रीस कमी पडलंय. आणि तोंड कानापेक्षा तयार. प्रत्येकाला एक हौस असते ना, कुणाला पत्त्यांची, कुणाला कबुतरांची? दाजींना शहाणपणाची हौस होती. खिशात छोटी वही. कॅलेंडरवर म्हणा, दवाखान्याच्या भिंतीवर म्हणा, चांगलं वाक्य दिसलं की टिपून घ्यायचे. गोदामाच्या दाराशी एक फळा होता, त्यावर रोज सकाळी खडूनं एक वाक्य लिहायचे. 'जो ऐकतो तो शिकतो.' 'राग आला तर दहापर्यंत आकडे मोजा.' याच्याखाली दुपारपर्यंत कुणीतरी लिहून ठेवलेलं असायचं, 'ज्याला सातापर्यंतच येतात त्यानं काय करावं?' अक्षर मेहुण्याचं, हे सगळ्यांना माहीत.

दाजी वाईट होते का? अजिबात नाही. वहीतली वाक्यं वाचून तंबाखू सोडली होती. पहाटे उठायला लागले होते. शिवी देणं बंद केलं होतं, आणि गंजलेला नट शिवी न देता सोडवणं ही काय साधी गोष्ट नाही. पण माणसाचं असं असतं बघा, स्वतःला सुधारून झालं की हात रिकामे पडतात. मग तो शेजारच्याला सुधारायला घेतो. आणि दाजींच्या शेजारी रोज मेहुणाच असायचा.

मेहुणा बायकोचा पाठचा भाऊ. उंच, हडकुळा, तोंडाळ. दाजींनीच त्याला कामाला लावलं, पाना कसा धरायचा इथपासून शिकवलं. हाताला काम आणि तोंडाला टवाळी, दोन्ही एकदम चालायचं त्याचं. नक्कल करावी तर त्यानं. दाजींची तर अशी करायचा, डोळे अर्धे मिटून, एक बोट वर करून, "माणसानं कसं असावं? तर... असावं!" की गोदाम हसून लोळायचं. दाजीही हसायचे. पण ओठानं.

आता त्यांच्या कामाची एक रीत सांगतो, ती नीट कळली पाहिजे. जुन्या बिल्डिंगांमध्ये जुन्या लिफ्टा. एकानं केबिनच्या टपावर उभं राहायचं, भिंतीलगतच्या लोखंडी रुळांना तेल लावायचं, बोल्ट आवळायचे. पण टपावर लिफ्ट हलवायचं बटण नसतं. ते वर गच्चीवर, मशीनखोलीत, दुसऱ्या माणसाच्या हाताशी. मशीनखोलीच्या जमिनीला भोकं असतात, त्यातून दोर खाली सोडलेले, आणि बोलणंही त्याच भोकांतून. टपावरचा ओरडतो, "खाली!" वरचा लगेच बटण दाबत नाही. तो तोच शब्द परत पाठवतो, "खाली?" टपावरचा हातपाय आत घेतो, सावरून उभा राहतो, मग म्हणतो, "हां, खाली." मग बटण. याला ते परतीची हाक म्हणायचे. आपल्या टोळीत ही रीत दाजींनीच घालून दिली होती. सांगायचे, "टपावरच्याचा जीव आपल्या बोटात असतो." हे वाक्य वहीतलं नव्हतं बरं का. त्यांचं स्वतःचं होतं.

तर एका रविवारी सासूबाईंच्या घरी सगळे जेवायला जमले होते. मेहुण्याच्या मुलीची परीक्षा जवळ आलेली. दाजी तिला सांगायला बसले, मन एकाग्र कसं करावं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पोरीच्या ताटातलं गार पडलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, सोडा आता तिला. झाली ती एकाग्र. डोळे बघा, मिटलेत."

झालं. सगळं घर हसलं. सासूबाई तोंड फिरवून हसल्या. दाजींची बायको तर अशी हसली की तिला ठसका लागला आणि तिच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. मेहुण्याचं बोलणं दाजींना रोजचंच होतं. बायकोचं हसणं लागलं.

घरी येताना रस्त्यात ते म्हणाले, "तू कशाला हसलीस?"

"अहो, हसू आलं म्हणून हसले. त्याला काय अर्ज द्यायचा असतो?"

"मी त्या पोरीच्या भल्याचंच सांगत होतो ना?"

"भल्याचं होतं हो. पण केवढं होतं!"

सोमवारपासून दाजींनी मेहुण्याशी बोलणं बंद केलं. आणि वहीत त्यांना आधारही सापडला. 'रागात बोललेला शब्द मागे घेता येत नाही.' बघा आता. साधा माणूस रुसला तर तीन दिवसांत त्याचं त्यालाच हसू येतं. दाजींना येईना. कारण आपण रुसलोय हे त्यांच्या गावीच नव्हतं. त्यांच्या लेखी ते संयम पाळत होते.

पहिले दोन दिवस मेहुण्यानं चेष्टेवारी नेलं. "काय दाजी, मौनव्रत का? घसा धरलाय की राग धरलाय?" दाजी पान्याला तेल लावत बसले. तिसऱ्या दिवशी तोही पेटला. "ठीक आहे. जीभ मलाही गिळता येते."

पण दोघांना काम एकत्र करायचं. एक टपावर, एक मशीनखोलीत, आणि मध्ये अबोला. साहेबाला सांगून जोडी बदलून घ्यावी, तर सांगणार काय? जेवताना मेहुणा मला हसला म्हणून? मग मेहुण्यानंच वाट काढली, कागदावर लिहून दाजींपुढं सरकवली. टपावरून पान्यानं रुळावर ठोका मारायचा. एक ठोका म्हणजे खाली, दोन म्हणजे वर. दाजींनी मुकाट्यानं मान्य केलं. परतीची हाक गेली. ती द्यायची तर तोंड उघडावं लागलं असतं ना!

तीन आठवडे हे चाललं, आणि बिनबोभाट चाललं. हीच तर पंचाईत. चुकीची रीत पहिल्याच दिवशी आपटली असती तर दोघं शहाणे झाले असते.

बाविसावा दिवस. सकाळचे अकरा. नऊ मजल्यांची बिल्डिंग, वर दातांचे डॉक्टर, वकील, कसली कसली ऑफिसं. लिफ्ट बंद म्हणून लोक धापा टाकत जिने चढतायत आणि लिफ्टवाल्यांच्या नावानं बोटं मोडतायत. मेहुणा टपावर, सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये. दाजी मशीनखोलीत बटणापाशी. मशीन थांबलेलं. पंखा बंद. सगळं गप्प.

आणि भोकातून आवाज आला. टण्.

आता मेहुण्याचा ठोका दाजींना पाठ झाला होता. कोरडा, ठाम, टक्, आणि मागे काही नाही. हा आवाज सैल होता. आणि त्याच्यामागून खाली खोल काहीतरी खुळखुळत गेलं, या भिंतीला त्या भिंतीला लागत. दाजींना शंका आली. हे नीट ऐका तुम्ही, शंका आली. 'हा ठोका नव्हे, काहीतरी पडलंय,' असं मनात स्वच्छ आलं. ते वाकले. भोकाशी तोंड नेलं. 'काय रे?' एवढे दोन शब्द पार दातांपर्यंत आले.

आणि मग दुसरा विचार आला. एकवीस दिवस गप्प राहिलो, आणि आता आधी मीच बोलू? उद्या गोदामात हा माझी नक्कल करणार, 'काय रे, काय रे.'

दाजी सरळ उभे राहिले आणि त्यांनी बटण दाबलं.

लिफ्ट हातभर खाली गेली असेल. खालून जे ऐकू आलं ते ठोकाही नव्हतं आणि हाकही नव्हती.

झालं होतं असं, की मेहुण्याच्या हातून पाना निसटला. बोल्ट अर्धा सुटलेला, तोही पडेल म्हणून त्यानं रुळामागे हात घालून बोल्ट धरला. त्याच वेळी केबिन हलली आणि हात मध्ये सापडला. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

हॉस्पिटलात दाजी बाहेरच्या बाकावर बसून होते. मनात एकच. आता तो शुद्धीवर येईल आणि विचारील, दाजी, का दाबलंत? तर काय सांगायचं? खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलंही होतं. शेवटी आत बोलावलं. मेहुणा पांढराफटक पडलेला, हात पट्ट्यांनी बांधून वर टांगलेला. दाजींना बघून त्याचे डोळे भरले. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा तो त्यांच्याशी बोलला.

"दाजी, चुकलं माझं. पाना सटकला हातातून. तुम्हाला वाटलं असणार ठोका. तुमचा काय दोष त्यात?"

दाजींच्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण बाहेर काय पडलं, सांगू?

"असू दे," म्हणाले ते.

असू दे! जसं काही त्यांनीच त्याला माफ केलं.

बाहेर बायको रडत होती. म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो." सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही काय करणार? याच्या हातात लहानपणापासून काही टिकत नाही. पेला म्हणू नका, कपबशी म्हणू नका. धांदरट आहे मेला." आणि पोरासाठी हमसून हमसून रडायला लागल्या.

पहिल्या दिवशी सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी अवघड झालं. दुसऱ्या दिवशी नाही, म्हणून आठवड्यानं त्याहून अवघड. न सांगितलेली गोष्ट ओल्या कपड्यासारखी असते. वेळेवर वाळत घातली नाही तर आतल्या आत कुजते, आणि मग वास तिचा येतो की आपला, हेच कळत नाही. साहेबानं चौकशी केली. दोघांनीही सांगितलं, लांबून हाक ऐकू येत नाही म्हणून ठोके वापरायचो. अबोल्याबद्दल मेहुण्यानं चकार शब्द काढला नाही, घरची लाज म्हणून. साहेबानं कागदावर लिहिलं, कामगाराच्या हातून पाना निसटल्यामुळे अपघात. सही, शिक्का, विषय संपला.

मेहुण्याला गोदामात बसवलं, खिडकीतून हत्यारं द्यायच्या कामावर. आणि वर्षभरानं कंपनीनं नव्या लोकांना शिकवायला वर्ग काढला. मास्तर कोण? दुसरं कोण असणार! बोलायची हौस, एवढ्या वर्षांचा अनुभव, आणि वर स्वतः हजर असताना झालेला अपघात. दाजी मास्तर झाले. आणि चांगले मास्तर झाले, खोटं कशाला बोलू? परतीची हाक अशी घोकून घ्यायचे की पोरं स्वप्नात ओरडायची. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'शंका आली की थांबा.' हे लिहून घेताना त्यांना आपलं काही आठवलं असेल का? मला नाही वाटत. माणसाला आपला पश्चात्ताप दुसऱ्याला उपदेश म्हणून देता आला, की त्याला वाटतं फिटलं.

प्रत्येक तुकडीला एक दिवस मेहुण्याला बोलवायचे. तो गोदामातून यायचा, पुढं उभा राहायचा, हात वर करायचा. दाजी सांगायचे, "यांच्या हातून पाना पडला. मला वाटलं ठोका. बघा, एका पान्यानं काय होतं." मेहुणा मान हलवायचा. वर त्याचा एखादा विनोद. "मला आता चारपर्यंत मोजताच येत नाही, एकावरच थांबतो." वर्ग हसायचा, आणि हसल्याबद्दल ओशाळायचा. अशी अकरा वर्षं गेली. मधल्या काळात सासूबाई गेल्या.

मग एका तुकडीत एक बाई आली. चाळिशीची, घरोघर वायरिंगची कामं करून हात राठ झालेली. फार बोलायची नाही. हात दाखवायच्या दिवशी, मेहुणा पुढं हात वर करून उभा, दाजींचं 'मला वाटलं ठोका' म्हणून झालं, तेव्हा तिनं विचारलं, "मास्तर, पाना पडला तर एकच आवाज कसा येईल?"

"म्हणजे?"

"माझ्या हातून पक्कड पडते कधी कधी. एक मोठा आवाज येतो आणि मागून चार बारीक. इतक्या उंचावरून पाना पडला म्हणजे किती येतील! तुम्हाला मागचे ऐकू नाही आले?"

"मशीनचा आवाज असतो ना बाई."

"पण मशीन बंदच असणार ना? बटण तर तुम्ही नंतर दाबलंत."

वर्गात खसखस पिकली. दाजी टेबलावर खडू शोधायला लागले. आणि त्यांना सोडवलं कुणी? मेहुण्यानं. तो तसाच हात वर धरून म्हणाला, "अहो ताई, मशीनखोलीत पंखा असतो केवढा तरी. कानठळ्या बसतात. दाजींचा कान आहे म्हणून, दुसऱ्याला तर टण् पण ऐकू आलं नसतं."

बाईनं मान डोलावली.

बघा, शिव्या दिल्या असत्या तर दाजींनी पचवल्या असत्या. ही बाजू घेणं पचलं नाही. संध्याकाळी काम सुटल्यावर ते घरी न जाता सरळ मेहुण्याकडे गेले.

मेहुणा इस्त्री करत होता. डाव्या हातात इस्त्री, उजव्या अंगठ्यानं कॉलर दाबून धरलेली. लेकीचा कामावर जायचा शर्ट होता.

"या की दाजी. ताई नाही आली?"

"एकटाच आलोय."

"बसा, एवढी कॉलर राहिलीय. आजची ती बाई काय खट आहे हो! वकील व्हायची चुकून वायरमन झाली."

दाजी बसले नाहीत. म्हणाले, "मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"मागचं खुळखुळणं. पंखा बंद होता. मला कळलं होतं ठोका नाहीये. मी वाकलो होतो, भोकाशी तोंड नेलं होतं. विचारणार होतो."

"मग?"

"मग... आधी मी बोलायचं नव्हतं."

मेहुणा ऐकत राहिला. कॉलरमधून धूर निघाला तेव्हा त्यानं इस्त्री उचलली. कॉलरवर तपकिरी डाग पडला होता. त्यानं इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं, शर्ट उचलून डाग उजेडात धरून बघितला. 

मग म्हणाला, "आई जायच्या आधी मला म्हणाली, हातातलं सांभाळत जा रे. तिचं शेवटचं बोलणं. मी म्हटलं, हो आई, चुकलं माझं. आता तिला कुठं जाऊन सांगू?"

"माझी हिंमत झाली नाही रे."

"बायको मला अजून कप उचलू देत नाही. ठेवा, तुमच्याकडून पडेल, म्हणते. डावा हात धडधाकट आहे माझा. डाव्या हातातून काय पडणार? पण मलाच वाटतं, पडेल. लेकीच्या पोराला मी अजून उभं राहून घेतलेलं नाही, दाजी. खाली बसतो, मग मांडीवर ठेवा म्हणतो. का, तर मी धांदरट. पाना धांदरटाच्या हातून पडतो ना?"

"पाना कुणाच्याही हातून पडतो रे. माझ्या हातून शंभरदा पडलाय."

"हे अकरा वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतंत."

दाजी रडायला लागले. "फार ओझं होतं रे मनावर."

"आता उतरलं?"

दाजींनी बाहीनं डोळे पुसले. उतरलं होतं. छाती मोकळी झाली होती, श्वास खोल जात होता. आणि समोरचा माणूस मात्र तेवढ्यात दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला होता. ओझं असं हवेत विरत नाही. एकानं खाली ठेवलं की ते कुणाच्या तरी डोक्यावरच जातं.

"मला माफ कर," दाजी म्हणाले.

"माफीचं मग बघू. उद्या वर्गात सांगा. जिथं अकरा वर्षं माझा हात दाखवलात, तिथं एकदा तुमचं बोट दाखवा. बाकी मला काही नको. ताईलाही मी सांगणार नाही."

"सांगतो. शब्द दिला."

दाजी सांगणार होते. हे मी त्यांची बाजू घेऊन म्हणत नाही, खरंच सांगणार होते. सकाळी निघताना आरशासमोर उभं राहून म्हणूनही बघितलं, 'मला शंका आली होती, तरी मी बटण दाबलं.' आठच शब्द. बायकोनं आतून विचारलं, "कुणाशी बोलताय?" तर म्हणाले, "कुणाशी नाही."

वर्ग भरला. मेहुणा आपणहून येऊन मागच्या बाकावर बसला. ती बाई पुढच्या रांगेत. दाजी उभे राहिले, खडू हातात घेतला, म्हणाले, "मंडळी, काल सांगितलेल्या अपघाताबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली."

तेवढ्यात दार उघडून साहेब आला. नवा होता, वर्ग कसा चालतो बघायला आला होता. "चालू द्या, चालू द्या," म्हणत मेहुण्याच्या शेजारीच बसला.

दाजींनी घसा खाकरला. साहेबाकडे बघितलं, मग मेहुण्याकडे. "त्या दिवशी," म्हणाले, "त्या दिवशी मी मशीनखोलीत होतो. आणि भोकातून आवाज आला. तर झालं असं..."

मेहुणा पुढं वाकला.

"...की यांच्या हातून पाना पडला."

अकरा वर्षं एकाच वाटेनं गेलेली गाडी. चाकं आपोआप वळली. पुढचं सगळं मग धडाधड आलं. पाना पडला, मला वाटलं ठोका, पंखा होता, बघा एका पान्यानं काय होतं, म्हणून शंका आली की थांबा. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं जागच्या जागी. दाजींना आपलाच आवाज लांबून ऐकू येत होता, पण तो बंद कसा करायचा ते सुचत नव्हतं. साहेबानं टाळ्या वाजवल्या. म्हणून मग सगळ्यांनी वाजवल्या. त्या बाईनं तेवढ्या वाजवल्या नाहीत.

मेहुणा उठला. टाळ्या थांबेपर्यंत दारात उभा राहिला. मग सगळ्यांदेखत म्हणाला, "छान शिकवता हो तुम्ही, दाजी. अगदी पाठ आहे." आणि गेला.

महिन्याभरात त्यानं नोकरी सोडली. कुणी विचारलं तर सांगतो, कंटाळा आला. बहिणीकडे जातो-येतो, दाजींशी हसून बोलतो, तब्येत विचारतो. त्या हसण्यापुढं दाजींना घास गिळवत नाही, पण बायकोला काय सांगणार? ती म्हणते, "बघा, माझ्या भावाचं मन किती मोठं!"

आणि वर्गाचं काय? वर्ग चालू आहे. हात दाखवायला माणूस राहिला नाही, म्हणून साहेबानं मेहुण्याच्या हाताचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. काचेत, चौकटीत. दर तुकडीला दाजी त्याच्याकडे छडी करतात आणि सांगतात, यांच्या हातून पाना पडला. नव्या लोकांना तो माणूस कोण होता तेही माहीत नसतं.

तुम्हाला उपदेश करत नाही मी. उपदेशानं काय होतं ते आत्ताच ऐकलंत. एकच काम करा माझं. तुम्ही चार ठिकाणी जाता, चार लोकांत बसता. ही गोष्ट कुणाला तरी सांगालच, ऐकलेली गोष्ट पोटात राहत नाही. तेव्हा सुरुवात पान्यापासून करू नका. दाजींना शंका आली होती आणि तरी त्यांनी बटण दाबलं, असं आधी सांगा. पाना मागून आला तरी चालेल. तेवढं करा. त्याची आई ऐकायला नाही, पण बाकीचे तर आहेत.